दोन लिंबं आणि एक कात्री: एका घरच्या बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. माणसांना इथे काका, काकू, त्यांची मुलगी ताई, माळीदादा आणि शेजारी एवढंच म्हणतो. सगळा घटनाक्रम साधारण अडीच वर्षांचा आहे. मी त्यात सल्ल्यासाठी बोलावलेला माणूस होतो आणि त्यातल्या दोन चुका सरळसरळ माझ्या आहेत.

घरामागे 18 मीटर लांब आणि 11 मीटर रुंद मोकळी जागा. निम्म्याहून जास्त भागात लॉन. तीन बाजूंनी झुडपांचं कुंपण, महिन्यातून एकदा पट्टी ठेवून कापल्यासारखं कातरलेलं. दोन लिंबं, आठ-दहा गुलाब, भरगच्च पाकळ्यांच्या जास्वंदी. काका निवृत्तीनंतर रोज दोन तास बागेत घालवायचे आणि बाग तशी दिसायचीही. पान गळलं की उचललं जायचं. दर पंधरा दिवसांनी फवारणी व्हायची, कीड असो वा नसो. मागच्या भिंतीवरचा मोठा दिवा रात्रभर जळायचा.

ताईंना या बागेत पक्षी आणि फुलपाखरं हवी होती. लहानपणी इथेच शिंपी पक्ष्याचं शिवलेलं पान पाहिल्याचं त्यांना आठवत होतं. काकांचा विरोध नव्हता. ‘येऊ देत की, मी कुठे हाकलतोय,’ असं ते म्हणाले. हे वाक्य मी लिहून ठेवलं होतं, कारण ते खरं नव्हतं आणि काकांना ते ठाऊकही नव्हतं.

अडचण

मला बोलावण्याआधी चार महिने ताईंनी आपल्या परीने सुरुवात केली होती. दाण्याचं फीडर टांगलं, लाकडी घरटं लावलं, पाण्याचं पसरट भांडं ठेवलं, रोपवाटिकेतून ‘फुलपाखरांसाठी’ म्हणून फुलझाडं आणली.

फीडरवर पहिल्या आठवड्यात चिमण्या आल्या, दुसऱ्या आठवड्यात कबुतरं, आणि मग फक्त कबुतरंच. खाली सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर यायला लागले. फीडर मागच्या मोठ्या काचेच्या दारासमोर होतं, म्हणजे घरात बसून दिसावं म्हणून. दचकून उडालेली पाखरं काचेवर आपटायची. दोन मेली. लाकडी घरट्यात कुणी राहायला आलं नाही. पाण्याच्या भांड्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्यावर काकूंनी ते उलटं करून ठेवलं. फुलझाडांवर फुलपाखरं यायची, मध प्यायची आणि निघून जायची.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकू उंदरांच्या विषाची पाकिटं टेबलावर ठेवून बसल्या होत्या आणि ताई जवळजवळ हरल्या होत्या. ‘जे जे आणलं त्यातून त्रासच झाला,’ त्या म्हणाल्या.

तिथेच प्रश्नाची मांडणी बदलली. आतापर्यंत प्रत्येक पाऊल म्हणजे काहीतरी आणून ठेवणं होतं. बागेतून रोज काय काढून टाकलं जातंय, हे कुणी मोजलंच नव्हतं. पालापाचोळा, अळ्या, वाळकी काडी, फुलून गेलेल्या फुलांतलं बी, काळोख: या सगळ्यावर कुणी ना कुणी जगत असतं. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना बहुतेक किडेच भरवतात. उत्तर अमेरिकेतल्या चिकडी या चिमणीएवढ्याही नसलेल्या पक्ष्याच्या जोडीला एक वीण वाढवायला 6,000 ते 9,000 अळ्या लागतात, असा डग्लस टॅलमी या कीटकशास्त्रज्ञांचा बहुचर्चित हिशेब आहे. पंधरा दिवसांनी फवारणी होणाऱ्या बागेत टांगलेलं घरटं म्हणजे स्वयंपाकघर नसलेलं घर.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय ताईंचा: लॉन उखडायचं, जुनी झाडं काढायची, सगळी देशी झाडं लावायची. याला आधार नाही असं नाही. वॉशिंग्टन डी.सी. परिसरातल्या घरांच्या बागांमध्ये झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की झाडोऱ्यात देशी झाडांचा वाटा 70 टक्क्यांच्या वर असला तरच चिकडींची संख्या टिकून राहते. आकडा त्या पक्ष्याचा आणि त्या जागेचा आहे, तो उचलून दुसरीकडे चिकटवू नये. पण दिशा कळते. अडचण वेगळीच होती. हे केलं असतं तर काकांची तीस वर्षांची बाग एका आठवड्यात गेली असती, आणि जे पक्षी कुंपणात आडोसा शोधत होते त्यांचा आडोसाही.

दुसरा पर्याय काकूंचा: सगळं पूर्वीसारखं करा. हा पर्याय आपण सहसा मोजतच नाही. मी तो कागदावर लिहिला, कारण घरातल्या एका माणसाला तोच हवा होता.

तिसरा पर्याय मी मांडला. आधी वर्षभर फक्त काही गोष्टी थांबवायच्या आणि काय होतं ते पाहायचं. नवी झाडं त्यानंतर, तीही लॉनच्या कडेने थोडी थोडी.

तिसरा ठरला, पण काकांनी अट घातली: ‘लिंबाला हात लावायचा नाही. फवारणी बंद केली तर अळ्या झाड खातील.’ यावर घासाघीस झाली. शेवटी दोन लिंबांपैकी डावीकडचं काकांचं आणि उजवीकडचं अळ्यांचं, असं ठरलं. मला ही तडजोड फार हुशारीची वाटली होती.

काय केलं

उंदरांपासून सुरुवात केली, कारण तो प्रश्न सुटल्याशिवाय काकू पुढचं काही ऐकणार नव्हत्या. विष नको हे त्यांना पटवायला वेळ लागला. रक्त गोठू न देणारं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तो सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर पिंगळ्याला किंवा घुबडाला आयता सापडतो. म्हणजे उंदीर मारणाऱ्यालाच आपण मारतो. काकूंना यापेक्षा दुसरं कारण पटलं: मेलेला उंदीर कुठे कुजेल ते सांगता येत नाही. फीडर पूर्ण काढलं. खताच्या पिंपाखाली बारीक छिद्रांची तारेची जाळी घातली. बंद खोक्यात चापाचे सापळे ठेवले, म्हणजे पाखराचा पाय अडकू नये. सहा आठवड्यांत लेंड्या दिसायच्या थांबल्या. कबुतरंही गेली. त्यांच्याबद्दल कुणाला वाईट वाटलं नाही.

काचेच्या दारावर बाहेरच्या बाजूने ठिपके चिकटवले, आडवे-उभे 5 सेंटीमीटर अंतराने. ससाण्याची एकच काळी आकृती चिकटवतात, तिचा उपयोग होत नाही. पाखरू तिच्या बाजूच्या मोकळ्या काचेवर आपटतं. रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या जागी हालचाल झाली की लागणारा, पिवळसर उजेडाचा दिवा आला. या दोन्ही गोष्टी एका दुपारी झाल्या आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

पाण्यावर मात्र घातला. ताईंना लगेच तळं हवं होतं. काकूंना डेंग्यूची भीती, आणि ती अवाजवी नव्हती. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घराभोवतीच्या लहान भांड्यांतल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, कड घासावी लागते. ठरलं असं: पहिलं वर्ष फक्त पसरट भांडं, एक दिवसाआड घासून भरायचं, आणि हे काम ताईंचं. घासायचं राहिलं तर भांडं उलटं करण्याचा काकूंना पूर्ण अधिकार. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी तो तीनदा वापरला.

मग आली लिंबांची गोष्ट.

पावसानंतर उजव्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर अळ्या दिसल्या. लाइम फुलपाखराच्या, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या पंखांचं ते फुलपाखरू. सुरुवातीला या अळ्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. तीस वर्षं लिंबू वाढवलेल्या काकांनाही त्या अळ्या आहेत हे ताईंनी दाखवल्यावर कळलं. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात, आणि डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं, उग्र वासाचं शिंग बाहेर काढतात. काकांनी काडीने एकदा डिवचून पाहिलं. मग पुन्हा एकदा. रोज सकाळी ते डाव्या झाडाआधी उजव्याकडे जायला लागले, अर्थात ‘झाड किती खाल्लं ते बघायला’.

नवव्या की दहाव्या दिवशी अळ्या काळ्या पडून पानांना लटकलेल्या दिसल्या. ताईंचा पहिला संशय काकांवर गेला आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. खरं कारण साधं होतं. दोन झाडांत चार मीटरचं अंतर. काकांनी ठरल्याप्रमाणे डाव्या झाडावर फवारणी केली, वारा उजवीकडे वाहत होता. ही माझी पहिली चूक. फवाऱ्याचे बारीक थेंब चार मीटर सहज जातात, हे मला माहीत असून मी त्या तडजोडीवर खूश होतो.

काकांनी फोन केला तो तिसऱ्या दिवशी. तक्रार म्हणून नव्हे. त्यांनी विचारलं, ‘झाड मरेल का हो, अजिबात मारलं नाही तर?’ मी सांगितलं ते असं: रोप लहान असेल तर अळ्या ते पार बोडकं करू शकतात, तिथे हाताने वेचून काढाव्यात. तुमची झाडं मोठी आहेत, खाल्लेल्या फांदीला पुन्हा पालवी फुटेल. त्यांनी त्या दिवसापासून दोन्ही लिंबांवरची फवारणी थांबवली. गुलाबावरची नाही. गुलाबाबद्दल बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं, आणि मी बोललो नाही.

गुलाबाचा निर्णय पुढच्या वर्षी आपोआप पुढे आला. पानांच्या कडेला अर्धगोल तुकडे कापलेले दिसू लागले, इतके नेटके की जणू नाणं ठेवून कापलेत. काका औषध शोधत होते. ही कीड नव्हती. पानं कापून नेऊन आपल्या पिल्लांसाठी कोठड्या बांधणारी ती एकटी राहणारी मधमाशी. जगात मधमाश्यांच्या 20,000 च्या आसपास जाती आहेत, त्यातल्या बहुतेक पोळं करत नाहीत. कित्येक जमिनीत बीळ करतात. त्यासाठी त्यांना उघडी, न खणलेली माती लागते. काकांनी हे ऐकून गुलाबांच्या मागची एक पट्टी मोकळी सोडली. फवारणीही सोडली, आणि मग मावा आला, झाडाचा रस शोषणारी बारीक कीड.

हा टप्पा फार कमी लोक पार करतात. फवारणी थांबल्यावर आधी वाढतो तो मावा. त्याला खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माशीच्या अळ्या मागाहून येतात, कारण त्यांना खायला काहीतरी आधी असावं लागतं. मधले काही आठवडे कळ्या चिकट, मुंग्यांची रांग, बाग रोगट. फवारणीचा पंप काढून काकांनी कोठीच्या दारात ठेवला होता. तो उचलला नाही, एवढंच. पाइपने पाण्याचा जोरदार फवारा मारून मावा पाडणं, एवढाच उपाय त्या काळात केला.

कुंपणाचं प्रकरण

दुसरी चूक याहून वाईट होती.

घरात सगळं बोलून झालं होतं. काय थांबवायचं, काय ठेवायचं, कुणी काय करायचं. कात्री मात्र माळीदादांच्या हातात होती आणि त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. ते महिन्यातून दोनदा यायचे, काम करून जायचे. पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते नेहमीप्रमाणे आले आणि नेहमीप्रमाणे कुंपण सरळ केलं. आत बुलबुलाचं घरटं होतं, त्यात दोन पिल्लं.

फांदी कापली गेली, घरटं कललं. ताईंनी ते छोट्या टोपलीत ठेवून त्याच जागी बांधलं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लं टाकतात असं म्हणतात, ते खरं नाही. आई-बाप परत आले, भरवू लागले. पण भोवतालचा पाला गेला होता आणि टोपली रस्त्यावरून दिसत होती. दुसऱ्या दिवशी कावळ्याने दोन्ही पिल्लं नेली.

पुढच्या खेपेला मी माळीदादांशी बोललो. त्यांनी जे सांगितलं ते आम्हा सगळ्यांना आधी विचारायला हवं होतं. ‘घरटं तर दर साली दिसतं साहेब. त्या कोपऱ्यात बुलबुल, जास्वंदीत शिंपी. आधी मी सोडून कापायचो. मग बोलणी बसली, कुंपण वाकडं का म्हणून.’ काका बाजूलाच उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण पुढचा नियम त्यांनीच घातला: कात्री लावण्याआधी माळीदादा कुंपणाला एक फेरी मारतील, घरटं असेल तिथे कापडाची चिंधी बांधतील, आणि त्या चिंधीच्या दोन्ही बाजूंचा दोन मीटरचा पट्टा महिनाभर जसाच्या तसा राहील. बुलबुलाची अंडी उबून पिल्लं उडेपर्यंत साधारण तेवढाच वेळ लागतो. ताईंच्या आठवणीतलं शिवलेलं पान याच माणसाने इतकी वर्षं पाहिलं होतं.

शेजारी आणि साप

पालापाचोळा कुंपणाखाली सारून ठेवायला लागल्यावर शेजाऱ्यांनी हरकत घेतली. साप येतील. या भीतीवर प्रवचन देऊन उपयोग नसतो. सापाला दोन गोष्टी लागतात, भक्ष्य आणि लपायला जागा. फीडरखाली उंदीर होते तेव्हा यायचं कारण आतापेक्षा जास्त होतं, हे त्यांना सांगितलं, आणि ते त्यांना पटलंही, कारण उंदीर त्यांच्याकडेही जायचे. पण नुसत्या युक्तिवादावर ठेवलं नाही. ढीग त्यांच्या भिंतीपासून काढून मागच्या टोकाला नेला, आणि भिंतीलगत व पायवाटेलगत एक मीटर गवत कायम कापलेलं ठेवलं.

या कापलेल्या कडेचा आणखी एक उपयोग झाला. जोन नॅसॉअर या अमेरिकी भूदृश्य-अभ्यासक 1995 पासून सांगत आल्या आहेत, की पसरट, अस्ताव्यस्त दिसणाऱ्या निसर्गाला नीटनेटकी चौकट दिली की पाहणाऱ्याला ते दुर्लक्ष वाटत नाही. काकांना हे एका वाक्यात समजलं. त्यांनी उरलेल्या लॉनची कडा इतकी कोरीव कापायला सुरुवात केली की मधलं उंच गवत मुद्दाम ठेवल्यासारखं दिसू लागलं.

निष्पत्ती

दुसऱ्या वर्षी तळं झालं. खोली मध्ये 40 सेंटीमीटर, एका बाजूला उतार, म्हणजे पडलेली पाल किंवा बेडकाचं पिल्लू चढून बाहेर येईल. गप्पी मासे सोडायचे का यावर आठवडाभर चर्चा चालली. ते डासांच्या अळ्या खातात, पण बेडकाची पिल्लं आणि चतुरांची अंडी-अळ्याही सोडत नाहीत. मासे सोडले नाहीत. पहिले तीन आठवडे डासांच्या अळ्या झाल्याच, तेव्हा बीटीआय हे फक्त डासांच्या आणि तशाच काही माश्यांच्या अळ्या मारणारं जिवाणूजन्य औषध दोनदा घातलं. पुढे चतुर आणि त्यांच्यासारखेच पण बारीक अंगाचे टाचणी नावाचे कीटक अंडी घालायला लागले, आणि त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. काकू अजूनही दर रविवारी चहाची गाळणी घेऊन तळं तपासतात. त्यांना सापडलेली शेवटची डासअळी त्यांनी मला फोटो काढून पाठवली, सोबत एक शब्द नाही.

बुलबुलाची पिल्लं दुसऱ्या वर्षी उडाली. शिंपी आला. दोन्ही लिंबं पावसानंतर थोडी बोडकी होतात आणि पुन्हा पालवतात. लिंबं किंचित कमी लागतात, असं काकांचं म्हणणं आहे. चिमण्या परतल्या नाहीत. लाकडी घरटं अडीच वर्षं रिकामं आहे. ते दुपारच्या उन्हात लावलं गेलं आणि त्याचं तोंड फार मोठं आहे, म्हणजे आत कावळ्याची चोच आरामात जाईल.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी माळीदादांना बैठकीला बसवेन. बागेत कात्री, झाडू आणि पंप कुणाच्या हातात आहे, हे विचारल्याशिवाय कागदावरची योजना करणार नाही.

लिंबांची तडजोड करणार नाही. एका झाडाऐवजी बागेचा एक पूर्ण टोकाचा भाग फवारणीमुक्त मागेन, वाऱ्याच्या वरच्या बाजूचा.

रोपवाटिकेतून आणलेल्या झाडांबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं झाडात भिनतात आणि परागात, मधातही उतरतात. युरोपियन संघाने त्यातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर 2018 मध्ये बंदी घातली. ‘फुलपाखरांसाठी’ म्हणून विकत घेतलेल्या झाडावरच असं औषध असू शकतं. आता मी रोप घेण्याआधी विचारतो, आणि उत्तर टाळाटाळीचं असेल तर बियांपासून वाढवा असं सांगतो.

आणखी एक उणीव भरून काढता येणार नाही अशी आहे. सुरुवातीला आम्ही मोजणी केली नाही. आज बागेत नऊ जातींची फुलपाखरं येतात, असं ताई सांगतात, पण पहिल्या दिवशी किती होती याची नोंदच नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या साध्या उपनगरी बागेत 1972 पासून तीस वर्षं नोंदी ठेवल्या. त्यांच्या यादीत 2,673 जाती भरल्या, त्यातले 1,997 कीटक. तेवढी चिकाटी सगळ्यांकडून मागता येत नाही. पण आठवड्यातून एकदा, एकाच जागी, पंधरा मिनिटं बसून वहीत लिहिणं जमलं असतं. ते न करता आम्ही ठिपके चिकटवत होतो.

ती वही आता काकांनी घातली आहे. पहिल्या पानावर तारीख, वेळ, वारा कुठून आहे ते, आणि ‘उजवं लिंबू: सात अळ्या, एक हिरवी झाली’ अशी नोंद. लाकडी घरटं पुढच्या विणीच्या आधी उतरवून सावलीत हलवायचं आहे. तोंड बारीक करण्याचं काम माळीदादांनी अंगावर घेतलंय.